काजळी कोण काढणार?

निर्धूर चुलीवर सविस्तर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात इतिहास होता. वर्ध्याची मगनवाडी, नंतरची सरकारी मोहीम, तिचे आकडे आणि तिचा शेवट. तो सगळा मी वाचला, टिपणं काढली आणि फलटणच्या बाजूला मातीच्या चुली घालणाऱ्या एका बाईंना भेटायला गेले. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं. घराणं कुंभाराचं. माठ, पणत्या, बोळकी यांच्या जोडीला चुली घालणं त्या ऐन तारुण्यात शिकल्या. मी पोचले तेव्हा त्या एका घरी चूल झाडायला निघाल्या होत्या. "बोलायचं काय ते वाटंनं बोलू, त्या पोरीचा सैपाक खोळंबलाय," म्हणाल्या, आणि आम्ही निघालो. त्या घरातून बाहेर पडताना माझ्या टिपणांतला इतिहास मागे पडला होता. चुलीच्या मागे भिंतीला टेकून उभी असलेली तीन इंची नळी तेवढी डोक्यात राहिली होती.

चूल तशी साधी. मातीची, दोन भांड्यांची, साच्यात घालून वाळवलेली. पुढे लाकूड सारायचं तोंड, त्याच्यावर पहिलं भांडं. तिथून आतल्या आत एक भुयार मागच्या वैलाकडे जातं. वैलावरच्या भांड्याला उरलीसुरली धग देऊन धूर आणखी मागे सरकतो आणि सिमेंटच्या नळीतून छपराबाहेर पडतो. नळीच्या टोकाला पाऊस अडवायला टोपी असते. वैल आपल्या जुन्या चुलीलाही असतो. पण जुन्या चुलीचा धूर भांड्यांच्या कडांनी घरात येतो, आणि हिचा धूर ठरवून दिलेल्या वाटेने बाहेर जातो. वाट मोकळी असेल तोवर.

त्या घरातली वाट मोकळी नव्हती. सून तक्रार सांगत होती, की गेल्या पावसाळ्यापर्यंत चूल छान चालायची, आता पेटवली की पहिली पाच-दहा मिनिटं सगळा धूर तोंडातूनच बाहेर येतो, डोळे चुरचुरतात, लेकराला खोकला येतो. आक्कांनी आदल्या दिवशीच निरोप धाडून रात्रीपासून चूल विझवून ठेवायला सांगितलं होतं. गरम नळीला हात लावला, तर ती तडकते. पदर खोचून त्या चुलीपुढे बसल्या. आधी राख काढली. ती चाळली, कोळसे वेगळे केले, बारीक राख डब्यात भरून सुनेच्या हाती दिली. भांडी घासायला झाली, शिवाय कडधान्याला चोळून ठेवली की कीड लागत नाही. मग दोन्ही भांडी उतरवून मागच्या वैलातून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि काही क्षण नुसत्या चाचपत राहिल्या.

"इथं बगा," म्हणत त्यांनी माझं मनगट धरून आत नेलं. भुयार जिथे संपतं आणि नळी जिथे सुरू होते, तो कोपरा माझ्या बोटांना लागला. आडवी वाट तिथे एकदम उभी होते. धूर वळतो, त्याचा वेग मोडतो, आणि त्याच्याबरोबर उडत आलेली राख तिथेच खाली बसते. वरून नळीतल्या काजळीचे पोपडे सुटतात, तेही तिथेच पडतात. आक्कांनी तिथून ओंजळी भरभरून काढलं. राख, पोपडे, अर्धवट जळालेला कणसाचा दांडा, आणि एक कसलं तरी प्लास्टिक वितळून घट्ट झालेला गोळा. तो गोळा त्यांनी सुनेसमोर धरला. सून काही बोलली नाही. आक्काही बोलल्या नाहीत, गोळा बाजूला ठेवला.

निर्धूर चुलीचा सगळा जीव या कोपऱ्यात आहे, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. आपल्याकडे पाणी तापवायचा तांब्याचा बंब असतो. त्यालाही मधोमध नळी असते, त्यातही लाकूड जळतं, त्याच्याही नळीला काजळी धरते. पण ती नळी आखूड आणि सरळ. वरून डोकावलं की खालची जाळी दिसते, काठीला चिंधी गुंडाळून कुणीही ती पुसू शकतं. बंब तुंबून मोडीत निघाल्याचं मी कधी ऐकलं नाही. चुलीच्या भुयारात मात्र डोळ्यांना काहीच दिसत नाही. धूर घरात येईपर्यंत कोपरा बुजल्याचा पत्ता लागत नाही, आणि धूर घरात येणं ही तर बाईला आयुष्यभराची सवय असते. म्हणून तीही पटकन तक्रार करत नाही.

कोपरा मोकळा झाल्यावर नळी. घरातला पोरगा पत्र्यावर चढला. त्याने टोपी काढली आणि आक्कांनी दिलेलं सुंभ वरून आत सोडलं. सुंभाच्या टोकाला मुठीएवढा दगड आणि त्याच्या वर हातभर अंतरावर गोणपाटाचा घट्ट बांधलेला बोळा. दगडाच्या वजनाने सुंभ खाली आलं, आक्कांनी ते वैलातून बाहेर ओढून घेतलं, आणि मग वरून पोरगा, खालून आक्का असं ओढणं सुरू झालं. "वड... आता सोड. सावकाश, नळी हालवू नगं." प्रत्येक ओढीबरोबर आत खरखर आवाज यायचा आणि काळा भुगा खाली सांडायचा. नळीच्या बुडाशी त्यांनी आधीच ओलं पोतं अंथरून ठेवलं होतं. पोतं कोरडं असतं, तर सगळं घर काळं झालं असतं. एवढी साधी गोष्ट, पण ती कुणी तरी आधी हाताने करून शिकलेली असावी लागते.

मग आक्कांनी पोत्यावरची काजळी चिमटीत घेतली आणि उजेडाकडे नेऊन बोटांत चोळली. एवढ्या वेळात मला सर्वात जास्त खिळवून ठेवलं ते या क्षणाने. काजळी तीन जातींची असते, असं त्या सांगतात. एक मऊ, कोरडी, बोटाला लागली तर फुंकरीने उडणारी. लाकूड वाळलेलं होतं आणि चूल मोकळी पेटली, तर ही जात. दुसरी पापुद्र्यांची. ती नळीला चिकटते, पण घासल्यावर सुटते. जळण बरं आहे, पण बाई चूल दबकी ठेवते, तोंडाशी लाकडं कोंबते. तिसरी काळी, चकचकीत, नळीला डांबर फासल्यागत. ती गोणपाटाने निघत नाही. "ही ओल्या लाकडाची," आक्का म्हणाल्या. पोत्यावर तिचे तुकडे होते. त्यांनी सुनेला विचारलं, "पावसात काय जाळलं गं?" सुनेने सांगितलं, बांधावरची बाभूळ वादळात पडली, तीच तोडून लगेच वापरली. मी चाट पडले. आक्कांना घरातल्या कुणी काही सांगितलं नव्हतं, पाच-सहा महिन्यांपूर्वीचं जळण त्यांनी काजळीतून ओळखलं.

यात जादू नाही. लाकूड तापलं की त्याच्या वजनातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग वायू होऊन बाहेर पडतो. आपण जी ज्योत पाहतो, ती या वायूची. तो पुरता जळला तर उष्णता मिळते, अर्धवट जळून निसटला तर तोच धूर. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं. ते पाणी उकळून घालवण्यात धग खर्च होते, जाळ थंड पडतो, वायू न जळता नळीत शिरतात आणि नळीच्या गार अंगाला लागून थिजतात. तेच आक्कांचं डांबर. वर्षभर उन्हात वाळलेल्या लाकडातलं पाणी पाचव्या हिश्श्याच्या खाली येतं आणि चुलीची निम्मी दुखणी तिथेच संपतात. पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या जाळणाऱ्या घरांत डांबर कमी धरतं. पण या जळणात राख जास्त, म्हणून तिथे भुयार आणि तो कोपरा लवकर बुजतो. दुखणं बदलतं, झाडणं टळत नाही.

आणि नळी मुळात केवढी? तीन इंच. तिच्या आतल्या अंगाला सगळीकडून अर्धा इंच थर बसला, की मोकळी जागा दोन इंचांची उरते. ऐकायला फार वाटत नाही. पण क्षेत्रफळाचा हिशेब केला तर धुराची वाट निम्म्याहून जास्त बंद झालेली असते. चुलीची ओढ नळीच्या उंचीवर आणि आतल्या गरम हवेवर चालते. वाट अरुंद झाली की हवा मंदावते, मंदावली की गार होते, गार झाली की आणखी काजळी धरते. एकदा हे चक्र सुरू झालं की चूल आठवड्यागणिक बिघडत जाते.

आता इतिहास, थोडक्यात. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. वर्ध्याच्या मगनवाडीत संघाचं काम चाले, आणि तिथल्या मगन चुलीने धुराडं जोडलेल्या चुलीची कल्पना देशभर नेली. १९५३ मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या एस. पी. राजू यांनी आपल्या धूरविरहित चुलीवर पुस्तिका काढली. तिच्या इंग्रजी नावातच लाखो स्वयंपाकघरांचं स्वप्न होतं. पुढे तेलाचे भाव भडकले, जंगलतोडीची काळजी वाढली आणि १९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ मध्ये गुंडाळेपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात या कामाला डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेचं तांत्रिक पाठबळ मिळालं. लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी अशा नावांच्या, साच्यातून निघणाऱ्या चुली गावोगावच्या कुंभारांनी आणि बायकांनी घातल्या. साच्याचं मोल मोठं होतं. हाताने घातलेल्या चुलीत भुयाराचं माप बोटभर इकडचं तिकडे झालं तरी ओढ बिघडते, साच्याने ते माप एकसारखं ठेवलं.

या साऱ्या नोंदी चूल बसवल्याच्या आहेत. किती बसल्या, कुठल्या तालुक्यात, उद्दिष्टाच्या किती टक्के. वर्षभराने त्यांतल्या किती नळ्यांतून सुंभ फिरलं, याचा रकाना मला कुठे सापडला नाही. चूल बसवली की काम झालं, असं धरून साऱ्या यंत्रणा चालल्या. माझ्या मते कार्यक्रमाचं सगळ्यात मोठं दुखणं हेच होतं, चुलीच्या रचनेतले दोष त्यानंतरचे.

रचनेतले दोषही होतेच, आणि ते आक्का मोकळेपणाने सांगतात. त्यांतला एक भाकरीचा. भाकरी तव्यावर भाजून झाली की तवा उतरवून ती चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करायची, मग ती टम्म फुगते. निर्धूर चुलीचं तोंड लहान, आणि ओढ जाळाला मागे खेचते. पुढे निखारे राहतच नाहीत. ज्वारी-बाजरीच्या मुलखात ही अडचण रोजची आहे, दोन वेळची आहे. मग बायका काय करतात? विळ्याने नाहीतर कोयत्याने तोंड फोडून मोठं करतात. तोंड मोठं झालं की गार हवा जास्त शिरते, धुराची धग उतरते, नळी गार पडते आणि काजळी वाढते. तपासायला आलेला माणूस फोडलेली चूल पाहून वहीत लिहितो, वापरणाऱ्यांनी नासधूस केली. आक्कांनी नासधूस हा शब्द कधी वापरला नाही. त्या आता तोंडच मुळात दोन बोटं रुंद ठेवतात आणि पुढे निखारे ओढून घ्यायला वीतभर ओटा सोडतात. प्रयोगशाळेत मोजलं तर या चुलीची कार्यक्षमता थोडी कमी भरेल. पण मूळ मापाची चूल घरात गेल्यावर कोयत्याखाली जाणार असेल, तर ही चूल तिच्यापेक्षा कितीतरी बरी.

दुसरा दोष भांड्याचा. भोकाच्या कडेवर भांडं घट्ट बसलं तरच धूर वाटेने जातो. रोज भांडं चढवून-उतरवून कडा झिजते, खपली निघते, आणि लग्नाकार्याला मोठं पातेलं चढवलं की तडा जातो. त्या फटीतून धूर येतो. दुरुस्ती साधी असते. पोयट्याची माती, शेण, बारीक केलेलं भाताचं तूस, पाणी बेताचं. मळून रात्रभर ठेवायचं, तडा आधी पाण्याने भिजवून घ्यायचा, मगच भरायचा. कोरड्या तड्यात ओली माती भरली तर ती वाळताना अंग सोडते. भरून झाल्यावर निदान दोन दिवस जाळ घालायचा नाही. "त्येच तर जमत न्हाय कुनाला," आक्का म्हणतात. घरात दुसरी चूल नसेल, तर दोन दिवस रांधायचं कुठे? म्हणून ओल्या मातीवरच जाळ होतो आणि तडा पुन्हा उघडतो.

चुलीच्या निगेवर सगळं अवलंबून असतं याचा भक्कम पुरावा ओडिशातून आला. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या गावांत धुराड्याच्या मातीच्या चुली मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेतला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झालेला दिसला. त्यानंतर फरक मावळला. आरोग्यात सुधारणा नाही, जळणातही बचत नाही. चुली तुटत गेल्या, त्यांची निगा राहिली नाही, वापर घटला. याच डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि हा अभ्यास जगभर गाजला. पुष्कळांनी त्यातून काढलेला अर्थ असा, की सुधारित चुलींचा नाद सोडावा.

मला त्याच्या शेजारी ग्वाटेमालाचा अभ्यास ठेवावासा वाटतो. कर्क स्मिथ यांनी आयुष्य स्वयंपाकघरातल्या धुराच्या अभ्यासात घालवलं, आणि त्यातली सुरुवातीची मोजणी त्यांनी गुजरातच्या खेड्यांत केली होती. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात त्यांच्या गटाने काही घरांना धुराड्याच्या चुली दिल्या आणि त्यांचे निकाल २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तिथे लहान मुलांच्या अंगी जाणारा धूर जवळजवळ निम्म्यावर आला, गंभीर न्यूमोनियाही कमी आढळला. आणि तिथे दर आठवड्याला एक कार्यकर्ता घरी येऊन चूल तपासत होता, लागेल ती दुरुस्ती करवून घेत होता. चुली वेगळ्या, देश वेगळा, तुलना काटेकोर नाही, हे मला मान्य आहे. तरी दर आठवड्याला येणारा तो माणूस माझ्या मनातून जात नाही. आक्कांच्या पंचक्रोशीत तो माणूस म्हणजे आक्का, आणि त्यांना कुणी नेमलेलं नाही.

"आता गॅस आला की," असं शहरातले वाचक म्हणतील. आला, आणि फार मोठं काम झालं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये देशातली ४३.८ टक्के घरं स्वच्छ इंधनावर रांधत होती, २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के. आक्कांच्या गावातही बहुतेक घरांत सिलिंडर आहे. चहा, पोहे, पाहुण्यांची भाजी त्यावर होते. अंघोळीचं पाणी, भाकरी, डाळ शिजवणं, गुरांचं आंबवण मात्र चुलीवर. सिलिंडर महिनोन् महिने पुरवायचा असतो. म्हणजे धूर कमी झाला, संपला नाही. घरातल्या धुरामुळे जगभरात २०२० या एका वर्षात ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गॅस पुरेल एवढा परवडेपर्यंत चूल राहणार, आणि चूल राहणार असेल तर तिची नळी कुणी तरी झाडायलाच हवी. पंखा लावलेल्या, गोळ्यांच्या इंधनावर चालणाऱ्या नव्या चुलीही येऊन गेल्या. पुण्यातल्या कंपनीची 'ऊर्जा' चूल काही लाख घरांत पोचली होती. इंधनाच्या गोळ्या महागल्या आणि ती घरांतून मागे पडली. पंखा बिघडला तर तो गावात कुणाला दुरुस्त करता येतो, हा प्रश्न अशा प्रत्येक चुलीला विचारला पाहिजे.

मग अडचणींकडे यायला हवं, आणि त्या बऱ्याच आहेत.

पहिली अडचण छपराची. नळी वरून झाडावी लागते, आणि छपरावर बाईने चढायचं नाही हा अलिखित नियम. कौलारू घरात तर कौल फुटायची भीती. चढायचं पुरुषाने, पण धूर त्याच्या डोळ्यांत जात नाही, तो तेव्हा ओट्यावर असतो. मी गेले त्या घरी पोरगा हौसेने चढला, पण तोही तेव्हा, जेव्हा आक्का स्वतः दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याच्या आईने त्याला दिवाळीपासून सांगितलं होतं. आक्कांनी यावर खालूनच झाडायची तोड शोधून पाहिली. वेताच्या लवचीक काठीला गोणपाट बांधून ती कोपऱ्यातून वर सरकवायची. पत्र्यापर्यंत ती पोचते, टोपीपर्यंत पोचत नाही. आणि टोपीखालीच पाखरं घरटं करतात.

दुसरी अडचण घाटाकडच्या आणि कोकणातल्या घरांची. तिथे चुलीवरच्या माळ्यावर बियाण्याचं भात, मिरच्या, सुकट ठेवतात. धुराने ते सुकतं, किडीपासून वाचतं. वासे, बांबू, छपराचं गवतदेखील धुरावरच टिकतं. धूर नळीने बाहेर गेला आणि दोन पावसाळ्यांत बांबू भुंगेऱ्यांनी पोखरले, असं सांगणारी घरं आहेत. त्या माणसांनी नळी काढून टाकली तर त्यांना अडाणी म्हणणं अन्याय होईल. त्यांनी छप्पर वाचवलं. पण छपराखालच्या बाईची छाती त्या हिशेबात कुणीच धरली नाही, आणि मला त्याचं दुःख वाटतं.

तिसरी अडचण पैशाची. आक्का एका वाक्यात सांगतात, "नवी चूल घातली तर पैकं देत्यात, झाडाया गेलं तर च्या." नवी चूल ही वस्तू आहे, तिचं मोल ठरतं. झाडणं हे बाईचं घरकाम धरलं जातं आणि घरकामाचं मोल आपल्याकडे ठरत नाही. आक्का अडल्या घरी जातातच. पण त्यांच्या सुनेने, लेकीने ही विद्या का शिकावी? दोघीही शिकलेल्या नाहीत आणि आक्का त्यांना आग्रह करत नाहीत. माझं म्हणणं असं, की पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा गावातल्या सगळ्या नळ्या झाडून देणाऱ्या बाईला ग्रामपंचायतीने मानधन द्यावं. पाणी सोडणाऱ्याला देतात, दिवाबत्ती पाहणाऱ्याला देतात. महिन्याच्या महिन्याला भुयारातली राख घरातली बाई काढेल, तेवढं ती आजही काढते. नळी तिच्या एकटीवर टाकू नये.

आणि चौथी अडचण नळीचीच. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सिमेंटच्या नळ्या बहुतेक ॲस्बेस्टॉसच्या. ॲस्बेस्टॉसचे तंतू छातीत गेले तर कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. अखंड नळी भिंतीला नुसती उभी असते तोवर धोका कमी. पण डांबरी काजळी निघावी म्हणून आतून सळईने खरवडली, किंवा तुटकी नळी हातोडीने फोडली, की तंतू सुटतात. आक्का गोणपाटच वापरतात, सळई नाही. कारण विचारलं तर त्या म्हणाल्या, सळईने नळी तडकते. ॲस्बेस्टॉसचं मी सांगितलं ते त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दुसरी कंची घालू?"

पत्र्याची नळी लावून पाहिली आहे. आतून काजळीचं आम्ल आणि बाहेरून पावसाचं पाणी, असं दोन्हीकडून ती सडते. चार पावसाळे काढले तर खूप. जाड पत्र्याची टिकते, पण ती चुलीपेक्षा महाग पडते. म्हणून आक्कांनी आता कुंभाराच्या घरचा उपाय हाती घेतला आहे. त्यांचा पुतण्या चाकावर हातभर लांबीच्या खापरी नळ्या घडवतो, एका टोकाला तोंड पसरट, दुसरं निमुळतं, एकात एक बसतील अशा. आव्यात भाजल्यावर त्या थोड्या आकसतात, सगळ्या सारख्या आकसत नाहीत, त्यामुळे जोड कधी सैल बसतो, कधी बसतच नाही. सहा नळ्यांचं एक उभं धुराडं त्यांनी स्वतःच्या घरी लावलं आहे. वजन पेलायला भिंतीत दोन ठिकाणी लाकडी खुंट्या मारून वर तारेचा वेढा दिला आहे. वरच्या खापरीला टोपी अजून नाही, तूर्त उलटं गाडगं बसवलं आहे.

आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी चूल पेटवून दाखवली. खालच्या दोन जोडांतून काही आलं नाही. तिसऱ्यातून धुराची बारीक रेघ येत होती. आक्कांनी ओल्या मातीचं बोट तिथे फिरवलं, थांबून पाहिलं, पुन्हा फिरवलं. मातीत आता भाताच्या तुसाऐवजी चाळलेली राख घालून पाहायची आहे, आकसणं तरी कमी होतं का बघू, असं त्या पुतण्याला सांगत होत्या. पाऊस सुरू व्हायच्या आत आणखी दोन घरी अशाच नळ्या लावायच्या आहेत, आणि त्यासाठी पुढच्या आव्यात बारा तरी धड निघायला हव्यात.